एक तास पन्नास मिनिटांचं आभाळ

रायपूरच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत नऊशे पंचावन्न किलोमीटर. विमानानं एक तास पन्नास मिनिटं. अनुजाने फोनमध्ये बघून सांगितलं, तेव्हा तिची आई कमल म्हणाली, "ह्यां मोजल्यान कोणी गो?"

"म्हणजे?"

"नाही, आभाळात मैलाचे दगड नसतात. म्हणून विचारलं."

"फोन सांगतो आई. सगळ्या जगाला सांगतो. तुला एकटीलाच फसवायचं त्याने काय ठरवलेलं नाही."

परळच्या हॉस्पिटलात चौथ्या मजल्यावर, आयसीयूच्या बंद दाराबाहेर, एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्यांवर मायलेकी बसल्या होत्या. सकाळचे साडेदहा वाजत होते. दाराच्या आत कुशाबा परब, कमलचा नवरा. वय वर्षं चौऱ्याहत्तर. लालबागच्या गिरणीत, साचेखात्यात मागांपुढे सत्तावीस वर्षं उभा राहिलेला माणूस चार दिवस आडवा होता. छातीत झालेला संसर्ग रक्तात उतरला होता. तोंडात नळी होती, हाताला सुया होत्या, आणि उशाशी एक पडदा होता. त्याच्यावरचे हिरवे-पिवळे आकडे कुशाबाच्या वतीने बोलत होते.

सकाळी फेरीला आलेल्या डॉक्टर सिद्धांतने सांगितलं होतं, "ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या. आजच. उद्यावर नका ठेवू."

बोलवायचं एकालाच होतं. वैभवला.

वैभव कमलचा मोठा मुलगा. रायपूरजवळच्या एका कारखान्यात इंजिनियर. चार वर्षांपूर्वी त्याला गणपतीत रजा मिळाली नाही. गावच्या घरी, आचऱ्याला, त्या वर्षी पूजेला बसायची पाळी त्याची होती. फोनवर तो म्हणाला, "बाबा, यंदा माझ्याशिवाय आटपा." कुशाबाने हातातली समई खाली ठेवली आणि भर सणाच्या घरात, देवासमोर, माणसांसमोर फोनमध्ये ओरडला, "मगे मी मेल्यारच ये तू!"

कमलने तिथल्या तिथे मीठ-मोहऱ्या घेऊन फोनवरून ओवाळून टाकल्या, तर नणंदा तोंडाला पदर लावून हसल्या. पण कमल हसली नव्हती. बोललेला शब्द घराच्या आढ्याला जाऊन चिकटतो आणि आपली वेळ बघून खाली उतरतो, असं तिची आई सांगायची. तो शब्द चार वर्षं आढ्याला होता. गावच्या घराच्या नाही, तर त्यांच्या लालबागच्या खोलीच्या. कमल रोज रात्री पाठ टेकली की वर बघायची.

वैभव तेव्हापासून आला नव्हता. आईला फोन करायचा. बापाचं नाव दोघंही काढत नसत. आणि आता तिला एवढंच हवं होतं: वैभव यावा, आणि तो येईल तेव्हा कुशाबाचा श्वास चालू असावा. मग जगेल की नाही ते देवाचं. पण तो शब्द खोटा पडायला हवा होता.

सव्वाअकराला वैभवचा मेसेज आला. बसलो.

"अकरा-वीसला उडेल," अनुजा म्हणाली. "एक-दहाला उतरेल. तिथून टॅक्सी. दोनपर्यंत इथे."

"एक तास पन्नास मिनिटं," कमल म्हणाली.

"हो."

"तेवढं होईल. तेवढं ते काढतील."

समोरच्या खुर्चीवर वासंतीबाई होत्या. गिरगावच्या. त्यांच्या जाऊबाई आत होत्या, आठ दिवस. आठ दिवसांत त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या सगळ्यांचे आजार आणि सगळ्यांच्या सुना तोंडपाठ केल्या होत्या. त्या म्हणाल्या, "विमानाने येतोय ना? मग झालं. आमचा पुतण्या दहिसरहून यायचाय, अजून उगवला नाही. त्याच्यापेक्षा रायपूर जवळ."

कमलला हसू आलं आणि हसल्याबद्दल लगेच भीतीही वाटली. ती तशीच होती. तिच्या घरात बांगडी फुटत नसे, वाढत असे. मंगळसूत्र तुटत नसे, वाढत असे. देवापुढचा दिवा विझवत नसत, वाढवत. डबा रिकामा झाला तर "तांदूळ वाढले" म्हणायचं. अनुजाचं लग्न झाल्यावर जावई पहिल्यांदा राहायला आला, त्या दिवशी कमलने आतून हाक मारली, "अहो, तांदूळ वाढले, घेऊन या." तर ध्रुव अनुजाला हळूच म्हणाला होता, "वाढलेत तर आणखी कशाला आणायचे?" तो किस्सा पुढे दोन्ही घरांत बरेच दिवस चालला. कमललाही तो आवडायचा. पण बोलणं तिने बदललं नाही. ज्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला चांगल्या शब्दाचं लुगडं नेसवायचं; म्हणजे ते उंबऱ्यावरूनच परत जातं.

साडेअकराच्या सुमाराला सिस्टर बाहेर आली. रक्तातल्या पेशी चढवायच्या होत्या, खालच्या रक्तपेढीतून आणायच्या होत्या, कागद घेऊन कोणीतरी जा. अनुजा उठली. जाताना फोन आईच्या हातात देऊन गेली. पडद्यावर नकाशा होता आणि नकाशावर एक पिवळं विमान, मुंगीएवढं.

"ह्याला हात लावू नको. नुसतं बघ. सरकतं ते."

"पडणार नाही ना?"

"आई!"

"बरं. बघते."

ती बघत बसली. मुंगी हलल्यासारखी वाटत नव्हती. पण एकदा डोळे मिटून उघडले की थोडी डावीकडे आलेली असायची. बाजूला आकडे होते. छत्तीस हजार फूट. कमलने ते मनात एकदा म्हटलं, मग ओठांशी आणलं, आणि मग आपसूक त्याला लय आली. लहानपणी पहाटे आईबरोबर जात्याला बसायची, तेव्हाची लय. तिची सगळी मोजमापं तिथूनच आलेली. पायलीभर तांदळाच्या किती ओव्या, ते तिला ठाऊक होतं. मिनिटं नंतर शिकली.

वाट आभाळाची बाई, तिला खूण ना वळण
माझ्या बाळाचं गं येणं, दोन तासांचं दळण

वासंतीबाईंनी मान वर केली. "तुम्ही रचलंत?"

"रचतंय कोण? येतं तसं म्हणायचं."

"म्हणा ना पुढे."

वारा दळते दळते, पीठ पडेना सुपात
बाळ ढगाच्या मुलखात...

पुढची ओळ आली होती. पण त्या ओळीतला शेवटचा शब्द चांगला नव्हता. कमलने ओठ मिटून घेतले.

तेवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टर सिद्धांत बाहेर आला. आदल्या सकाळपासून घरी न गेलेला मुलगा. डोळ्यांखाली सावल्या, गळ्यात ओळखपत्र उलटं पडलेलं. त्याने आजूबाजूला पाहिलं. "काकू, मुलगी नाहीये का?"

"खाली गेलीय. रक्तपेढीत. बोला ना."

डॉक्टरांशी कमल शुद्ध बोलायची. मालवणी घरी ठेवून यायची, चांगलं पातळ नेसून यावं तशी.

सिद्धांत तिच्या शेजारी बसला. उभं राहून बोलायचं नाही एवढं त्याला कळत होतं. "बघा, काकांचं प्रेशर औषधावर टिकून आहे. ते औषध आता बऱ्यापैकी जास्त चाललंय. अजून लागणार असं दिसतंय. पण त्याचा त्रासही असतो. बोटं काळी पडायला लागतात, बाकीच्या अवयवांवर ताण येतो. म्हणून या टप्प्यावर आम्ही घरच्यांना विचारतो." म्हाताऱ्या बाईला कळावं म्हणून त्याने सगळ्यात सोपे शब्द निवडले. "वाढवायचं, की थांबायचं?"

त्याच्या मनात होतं: औषध जास्त करायचं, की इथेच पुरे म्हणायचं?

कमलला ऐकू आलं: दिवा मालवायचा, की वाट बघायची?

तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या एकमेकींवर आपटल्या. चार दिवस ती याच प्रश्नाला घाबरून होती. शेजारच्या चाळीत मागे असंच झालं होतं, डॉक्टरांनी विचारलं होतं, मशीन काढायचं का म्हणून. निदान या पोराने नीट विचारलं. वंगाळ शब्द तोंडातून काढला नाही. चांगल्या घरचा दिसतोय.

"थांबा," ती म्हणाली. "वाढवू नका."

"नक्की ना काकू?"

"हात जोडते. वाढवू नका. माझा मुलगा विमानात बसलाय. दीड-दोन तासांत येईल. तोपर्यंत थांबायचं."

सिद्धांतने मान हलवली. "बरं. म्हणजे आता जे चालू आहे, तेवढंच चालू ठेवतो. मुलगा येईपर्यंत."

"हो. चालू ठेवा. चालू राहू दे."

दोघांनाही हलकं वाटलं. चार वाक्यांत दोन माणसं एकमेकांना इतकी पटली होती. त्याने आतून एक कागद आणला. कागद इंग्रजीत होता. त्यात औषध याहून जास्त करणार नाही असं होतं, आणि हृदय बंद पडलं तर छाती दाबणार नाही, असंही होतं. त्याने थोडक्यात सांगितलं, "आपण ठरवलं तेच लिहिलंय." कमलने कमल कुशाबा परब अशी सही केली; क वर रेघ मारायला विसरली, मग परत जाऊन मारली.

"धीराच्या आहात तुम्ही," सिद्धांत म्हणाला.

तो आत गेल्यावर वासंतीबाईंनी विचारलं, "काय म्हणत होते?"

"विचारत होते. मी नाही म्हटलं. थांबा म्हटलं."

"बरं केलंत. आपण घट्ट राहायचं."

कमल घट्ट राहिली. मुंगी नागपूर ओलांडून आली होती.

अनुजा सव्वाबारानंतर वर आली. खाली रांग होती, मग एक सही राहिली होती, मग लिफ्ट. पेशींची पिशवी आत गेली. आईने सांगितलं, डॉक्टर येऊन गेले, सगळं चालू ठेवतो म्हणाले. अनुजाला बरं वाटलं. तिने आईला चहा पाजला, बिस्कीट नाही म्हणताना अर्धं भरवलं, आणि साडेबारा होऊन गेल्यावर बापाला बघायला आत गेली.

आत थंड होतं. बापाचे पाय तिला नेहमीपेक्षा लांब वाटले. पडद्यावरचा आकडा चौसष्ट होता. सकाळी ब्याण्णव होता. ती बघत होती तोवर त्रेसष्ट झाला.

"सिस्टर, प्रेशर एवढं कमी कसं? औषध का नाही वाढवलं?"

सिस्टर फाइल लिहीत होती. तिने वर पाहिलं, आवाज मऊ केला. "फॅमिलीने नको सांगितलंय ना. सही आहे. तुमच्या आईची."

अनुजा बाहेर आली तेव्हा कमल फोन मांडीवर धरून बसली होती.

"आई, तू कशावर सही केलीस?"

"त्याच कागदावर. वाढवू नका म्हणून सांगितलं मी त्याला." कमलच्या आवाजात जरासा अभिमान होता. "वाढवायचं की थांबायचं, विचारत होता मेला. म्हटलं थांबायचं. वैभव येईपर्यंत कोण वाढवतंय बघते."

अनुजा तशीच उभी राहिली. दुसऱ्या कुणाला हे समजावून घ्यायला वेळ लागला असता. तिला लागला नाही. ती त्याच घरात वाढली होती.

"आई," ती म्हणाली, "त्याचं वाढवणं म्हणजे जास्त देणं. औषध. औषध जास्त द्यायचं का, विचारत होता तो. आणि थांबायचं म्हणजे... पुरे."

कमलला आधी नुसते शब्द ऐकू आले. मग ते एकेक करून आपापल्या जागी जाऊन बसले. तिने पदराने तोंड दाबून धरलं. जणू शब्द अजून तिथेच होता, ओठांच्या आत, आणि तो परत गिळता आला असता.

"धाव गो," ती पदरातून म्हणाली. "धाव. सांग त्येका. वाढव म्हणून सांग. माका तसां नव्हतां म्हणायचां. धाव!"

अनुजाने दार हाताने नाही, खांद्याने उघडलं. पुढच्या काही मिनिटांत आत पावलं वाजली, कोणीतरी सिद्धांतला हाक मारली, कसलीतरी शिटी वाजून बंद झाली. बारा बेचाळीसला औषध वाढवलं. अनुजा दाराच्या काचेतून आईला बोटांनी आकडे दाखवत राहिली. सहा आणि तीन. सहा आणि आठ. सात आणि एक.

सिद्धांत बाहेर आला. या वेळी तो बसला नाही. "काकू, माझी चूक झाली. मी नीट विचारायला हवं होतं. मला वाटलं..."

"नाही रे बाबा. तुझं मराठी चांगलंय," कमल म्हणाली. "आमचंच तसलं."

"प्रेशर वर येतंय थोडं. पण मधला एक तास गेला, त्याचं..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. कमलला न पुरं केलेली वाक्यं कळत होती. आयुष्यभर तिने तीच बोलली होती.

एक वाजला. सात आणि चार, अनुजाने काचेतून दाखवलं, आणि ती बाहेर येऊन आईजवळ बसली. दोघींनी फोनमध्ये डोकं घातलं. विमान मुंबईच्या जवळ आलं होतं, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर. फूट उतरायला लागले होते. बावीस हजार. एकोणीस हजार. बारा हजार.

"येतोय," अनुजा म्हणाली. "दहा मिनिटं."

आणि मग त्या मुंगीने तोंड फिरवलं.

कमलने आधी ते बघितलं. विमान समुद्राकडे यायचं सोडून उलट, डोंगराकडे वळलं. पिवळ्या मुंगीमागून एक बारीक रेघ उमटत होती, ती वाकली, आणखी वाकली, आणि तिचा वाटोळा फास झाला.

"ह्यां काय करतासा?"

"घिरट्या घालतंय. खाली गर्दी असते, उतरायला जागा मिळेपर्यंत फिरवतात. नेहमीचं आहे आई."

"तुझ्या फोनमध्ये एक तास पन्नास मिनिटं लिहिलेलं."

"ते साधारण असतं गं."

"साधारण!" कमल म्हणाली. "माणूस काय साधारण मरता?"

शब्द निघून गेला होता. चार दिवसांत, चार वर्षांत, बहुतेक साऱ्या जन्मात तिच्या तोंडून पहिल्यांदा तो उघडावाघडा बाहेर पडला होता. वासंतीबाईंनी मान खाली घातली. अनुजाने आईचा हात धरला; तो इतका घट्ट मिटलेला होता, की धरायला नुसती मूठ मिळाली.

दुसरी घिरटी. तिसरी. खिडकीबाहेरचं आभाळ पांढरं आणि कोरडं होतं, उंच काचेच्या इमारतींमध्ये अडकलेलं, आणि त्यात कुठे काही उडताना दिसत नव्हतं. वैभव तिथेच होता कुठेतरी, कल्याणच्या नाहीतर शहापूरच्या वर, कमरेला पट्टा बांधून. खाली त्याची सगळी मुंबई, आणि त्याला उतरता येत नव्हतं. त्याला काही ठाऊकही नव्हतं. एअरहोस्टेसने त्याला पाणी दिलं असेल. त्याने ते प्यायलं असेल.

सिस्टर दारात आली. "एकजण या. जवळ बसा त्यांच्या."

कमल आत गेली. आता तिच्यासमोर दुसरा पडदा होता. अनुजा बाहेरून फोन काचेला लावून धरत होती, म्हणजे दोन्ही पडदे तिला दिसत होते. फोनवर फूट उतरत होते. परत उतरत होते, या वेळी सरळ. नऊ हजार. सहा हजार. इकडे एकाहत्तर. सहासष्ट. एकोणसाठ. दोन्ही आकडे एकाच घाईने खाली निघाले होते, आणि कोण आधी टेकणार एवढंच उरलं होतं.

"अहो," ती कुशाबाच्या कानाशी म्हणाली. "उतरतोय तो. तुम्ही नका उतरू."

एक छत्तीसला विमान टेकलं. एक अठ्ठेचाळीसला वैभवचा फोन आला. अनुजाने त्याला आकडे सांगितले नाहीत, फक्त म्हणाली, "दादा, लवकर." त्याने टॅक्सी केली. नऊशे पंचावन्न किलोमीटर झाले होते, आता पंधरा राहिले होते. एल्फिन्स्टनचा पूल पाडल्यापासून सगळी गर्दी दादरच्या टिळक पुलावर येते, हे रायपूरहून आलेल्या माणसाला काय ठाऊक. टॅक्सीवाल्याला ठाऊक होतं, पण दुसरा रस्ता नव्हता. दोन-पाचला वैभवचा मेसेज: पुलावर अडकलो. दोन-चौदाला: हिंदमाता. टॅक्सी सोडली. धावतोय.

कुशाबाचं हृदय दोन-बाराला थांबलं होतं.

कसलाही आवाज झाला नाही, कारण सिस्टरने पडद्याचा आवाज आधीच बंद केला होता. हिरवी रेघ दोनदा उचकी लागल्यासारखी उडाली आणि मग सपाट धावत राहिली. छाती तेवढी वरखाली होत होती. पण ती मशीनची होती. औषध वाढवलं तरी तो कागद कोणी रद्द केला नव्हता; त्यावर सही होती, म्हणून कोणी छाती दाबली नाही. सिद्धांत बिछान्याशी आला. त्याने मानेवर दोन बोटं ठेवली, डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिला. मग तो सरळ झाला आणि त्याची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे जायला लागली.

"नको," कमल म्हणाली.

तो थांबला.

"बोलू नका. तुम्ही बोललात म्हणजे झालं. अजून बोलू नका. तो खाली आलाय."

"काकू..."

"तेव्हा मी चुकीचं बोलले, तर तुम्ही लगेच ऐकलंत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "आता बरोबर बोलतेय. थांबा."

सिद्धांतने काचेबाहेर उभ्या असलेल्या अनुजाकडे पाहिलं. अनुजा भिंतीकडे तोंड करून उभी होती. त्याने घड्याळाचा हात पाठीमागे घेतला. मग सिस्टरला काहीतरी खुणावलं, आणि सिस्टरने पडद्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

ती तिघं अशी उभी राहिली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मशीन श्वास घेत होतं आणि सोडत होतं. कमलने कुशाबाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागली. बोटांपासून मनगटापर्यंत, मनगटापासून बोटांपर्यंत. थंडीच्या दिवसांत गिरणीतून पहाटे आलेल्या माणसाचे हात ती असेच चोळायची. तेव्हा ते गरम व्हायचे.

दोन सव्वीसला दार उघडलं. वैभव. शर्ट अंगाला चिकटलेला, पाठीवर बॅग तशीच. चार वर्षांत केस पुढून मागे गेले होते. तो दारात थबकला, कारण बाप एवढासा झाला असेल असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"ये," कमल म्हणाली. "बघ, वाट बघतायत तुझी."

तो जवळ आला. सिस्टरने ओला कापूस त्याच्या हातात दिला. त्याने तो बापाच्या ओठांच्या कडेला टेकवला. नळीमुळे आत जाईना. एक थेंब हनुवटीवर ओघळला. त्याने तो अंगठ्याने पुसला.

"बाबा," तो म्हणाला, आणि चार वर्षं न बोललेली भाषा आपसूक तोंडात आली. "मी इलंय."

कमलने चोळून चोळून धरलेला हात त्याच्या हातात दिला. तो तसाच धरून राहिला. मिनिट गेलं, दोन गेली. मग त्याने आईकडे पाहिलं.

"आई, हात थंड लागतोय."

"एसी आहे ना बाबा इथे."

वैभव तिच्याकडे बघत राहिला. त्याची नजर फिरवलेल्या पडद्याकडे गेली, हात पाठीमागे घेऊन उभ्या असलेल्या डॉक्टरकडे गेली, काचेबाहेरच्या बहिणीच्या पाठीकडे गेली. तिथून परत आली ती बापाच्या तोंडावर.

"हां," शेवटी तो म्हणाला. "दाबला त्यांनी. जरासा."

कमलने डोळे मिटले. मग सिद्धांतकडे वळून म्हणाली, "आता बोला."

सिद्धांतने घड्याळ पुढे घेतलं. दोन एकतीस, तो म्हणाला. आणि पुढचं जे म्हणायचं असतं ते म्हणाला.

तासाभराने फोन सुरू झाले. आचऱ्याहून धाकट्या दिराचा, कुडाळहून नणंदेचा, चाळीतल्या माणसांचे. अनुजा घेत होती, पण सगळ्यांना कमलच हवी होती, आणि सगळ्यांना एकच विचारायचं होतं. त्या चार वर्षांपूर्वीच्या गणपतीत ती सगळी माणसं घरात होती.

"होय तर, भेटलो तो," कमल दिराला म्हणाली. "जितेपणी भेटलो. पाणी घातल्यान."

नणंदेला म्हणाली, "पाच मिनिटं होते त्याच्याबरोबर. हात दाबल्यानी."

तिसऱ्या फोनला तिने आणखी थोडं सांगितलं. कुशाबाने डोळे उघडले होते. वैभवकडे बघितलं होतं. सांगता सांगता तिला ते दिसायलाच लागलं, पापण्यांची हालचालसुद्धा. आणि दिसलं तेव्हा ती मध्येच गप्प झाली. पलीकडून हॅलो, हॅलो चालू होतं. वैभव समोरच्या खुर्चीवर बसून आपल्या उजव्या हाताच्या तळव्याकडे बघत होता, आणि त्याने मान वर करून आपल्याला काही विचारू नये म्हणून कमलने परत बोलायला सुरुवात केली.